थेराजात न सापडलेला स्टाइनमेट्झ

इलेक्ट्रिकलच्या मुलांना स्टाइनमेट्झ हे नाव नवीन नाही. ट्रान्सफॉर्मरच्या चॅप्टरमध्ये कोअर लॉसेस येतात, त्यात हिस्टेरेसिस लॉस येतो आणि त्याच्या सूत्रात एक ईटा येतो. तो ईटा म्हणजे स्टाइनमेट्झ कोइफिशंट. थेराजाच्या पुस्तकातून आम्ही एवढंच पाठ केलं होतं. मागच्या सेमिस्टरच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं की हा स्टाइनमेट्झ कोण होता? मी अगदी ठामपणे सांगितलं की सर, तो एक कोइफिशंट आहे. सर पोट धरून हसले. मार्क दिले बिचाऱ्यांनी, पण मला रात्री झोप लागेना. कोण होता हा माणूस?

दुसऱ्या दिवशी नेटवर बसले आणि सगळ्यात आधी फोटोच समोर आला. खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया काही चांगली नव्हती. मोठं डोकं, बारीक दाढी, नाकावर चष्मा, तोंडात सिगार, मान खांद्यात रुतलेली आणि पाठीवर भलं मोठं कुबड. उंची जेमतेम चार फुटांच्या आसपास. मी चटकन पुढचा फोटो बघितला. मग स्वतःचीच लाज वाटली, कारण त्याच आठवड्यात असल्याच एका गोष्टीवरून मी हॉस्टेलमध्ये तावातावाने भांडले होते.

झालं असं की आमच्या बॅचसाठी प्लेसमेंटच्या आधी ग्रूमिंगचं एक सेशन होतं. बाहेरून आलेल्या एका मॅडमनी कसं बसायचं, कसं हसायचं, टाय कुठपर्यंत असावा, हे सगळं शिकवलं. माझ्या एका मैत्रिणीच्या हातांवर आणि मानेवर कोड आहे. तिला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की इंटरव्ह्यूला फुल स्लीव्ह्ज घाल आणि मानेला थोडा मेकअप लाव. ही मुलगी आमच्या वर्गाची टॉपर आहे! आम्ही सगळ्या चिडलो. ती मात्र चिडली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी फुल बाह्यांचे दोन कुर्ते आणले. घरी तर तिने आधीच सांगून टाकलंय की माझ्यासाठी स्थळं बघू नका, उगाच पुढच्या पिढीत नको. तिच्या घरात दुसऱ्या कुणालाही कोड नाही, तरीसुद्धा. यावर आमच्यापैकी कुणालाच काही बोलता आलं नाही.

म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटवाली आहे, मराठीत एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलंय, उरलेल्या चुका माझ्या.)

कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झचा जन्म ९ एप्रिल १८६५ चा, ब्रेस्लाऊ शहरातला. तेव्हा ते प्रशियात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. वडील रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या पाठीला कुबड होतं, आजोबांच्याही होतं, आणि कार्लच्या नशिबी तेच आलं. शिवाय त्याच्या खुब्यात दोष होता, त्यामुळे चालताना तो लंगडायचा. तो वर्षाचा असतानाच आई गेली आणि आजीने त्याला वाढवलं. सुरुवातीला शाळेत त्याला गणित जमत नसे म्हणे. पुढे जमलं, आणि असं जमलं की मास्तर मागे पडले.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेची एक गोष्ट त्याच्या चरित्रांत सांगतात. तोंडी परीक्षा सगळ्या गावासमोर असायची आणि त्यासाठी मुलं खास काळा ड्रेस सूट शिवून घ्यायची. यानेही शिवून घेतला. कुबड असलेल्या मुलाला सूट शिवायचा म्हणजे शिंप्याला किती मापं घ्यावी लागली असतील, विचार करा. आणि परीक्षेच्या वेळी नोटीस लागली की स्टाइनमेट्झचा अभ्यास इतका उत्तम आहे की त्याला तोंडी परीक्षा माफ. आपण असतो तर नाचलो असतो! पण हा मुलगा काय समजायचं ते समजला. गावातल्या पाहुण्यांपुढे हे ध्यान उभं करायला नको म्हणून ही माफी, असं त्याच्या मनाने घेतलं. तो सूट त्याने कधी घातला नाही आणि पुढे आयुष्यात ड्रेस सूट वापरला नाही.

कॉलेजात मात्र त्याला मित्र मिळाले. ब्रेस्लाऊ विद्यापीठातल्या गणिताच्या मंडळात प्रत्येकाला एक टोपणनाव असायचं. याचं पडलं प्रोटियस. ग्रीक पुराणातला हा समुद्रातला म्हातारा हवं ते रूप घेऊ शकतो, आणि धरून ठेवणाऱ्याला शेवटी सगळी गुपितं सांगतो. शरीरावरून टोपणनावं आपल्याकडेही पडतात, जाड्या, बुटक्या, काळ्या, चष्मिस. आमच्या हॉस्टेलमध्ये तर खरी नावं कुणाला माहीतच नसतात. पण या नावात चिडवण्यापेक्षा मान जास्त होता, आणि त्यालाही ते एवढं आवडलं की पुढे त्याने ते स्वतःच्या नावातच घालून टाकलं.

तिथेच तो समाजवादी झाला. बिस्मार्कच्या राज्यात समाजवाद्यांवर बंदी होती. हा त्यांच्या पेपरचं काम करू लागला आणि पोलिसांच्या नजरेत आला. पीएचडीचा प्रबंध जवळजवळ तयार असताना, १८८८ मध्ये त्याला सगळं टाकून पळावं लागलं. तो झुरिकला गेला आणि तिथे पॉलिटेक्निकमध्ये शिकू लागला. तिथेच त्याला ऑस्कर अस्मुसेन भेटला. हा अस्मुसेन अमेरिकेला परत निघाला होता. त्याने स्टाइनमेट्झचंही तिकीट काढलं आणि दोघे बोटीच्या सगळ्यात स्वस्त वर्गातून निघाले.

१ जून १८८९ ला बोट न्यूयॉर्कला लागली. नेटवर बरेच जण इथे एलिस आयलंडचं नाव लिहितात, पण एलिस आयलंड १८९२ मध्ये सुरू झालं. त्याआधी लोकांना कॅसल गार्डन नावाच्या ठिकाणी उतरवून तपासायचे. अमेरिकेत १८८२ पासून कायदा होता की जो माणूस स्वतःचं पोट भरू शकणार नाही आणि सरकारवर ओझं होईल, त्याला परत पाठवायचं. आता हे ओझं ओळखायचं कसं? सोपं आहे, बघून! समोर उभा चार फुटांचा कुबडा तरुण, लंगडत चालतोय, थंडीने तोंड सुजलंय, इंग्रजी येत नाही, खिशात पैसे नाहीत, नोकरी नाही. अधिकाऱ्याने नकार द्यायचं ठरवलंच होतं. अस्मुसेन पुढे झाला. हा मोठा गणिती आहे, याची जबाबदारी माझी, असं त्याने सांगितलं आणि स्टाइनमेट्झ आत आला.

मला इथे अस्मुसेनच मोठा वाटतो. त्याचं नाव एकाही सूत्राला नाही. पण तो मित्र त्या दिवशी बरोबर नसता तर आमच्या सिलॅबसचं काय झालं असतं?

मग योंकर्स गावात रुडॉल्फ आइकेमायर नावाच्या कारखानदाराने त्याला ठेवून घेतलं. आइकेमायर स्वतः १८४८ च्या क्रांतीनंतर जर्मनीतून आलेला. त्याच्याकडे टोप्या बनवायची यंत्रं बनत आणि हल्ली तो विजेच्या मोटरी करू लागला होता. स्टाइनमेट्झला ड्राफ्ट्समनचं काम मिळालं. कार्लचा चार्ल्स झाला आणि मधे प्रोटियस आला.

आता थोडं टेक्निकल. सिव्हिलवाल्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.

एसी मोटरमध्ये लोखंडाचं चुंबकत्व सेकंदाला कितीतरी वेळा उलटंपालटं होतं. लोखंड पटकन मान्य करत नाही, रेंगाळतं, आणि त्या रेंगाळण्यात ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हाच हिस्टेरेसिस. त्या काळी मोटर किती तापणार हे ती बांधून, चालवून बघितल्यावरच कळायचं. तापली की पुन्हा नवी बांधा! स्टाइनमेट्झने आधी दुसऱ्यांनी छापलेले आकडे घेतले, मग स्वतः मोजमापं केली, आणि १८९२ मध्ये नियम मांडला. एका सायकलमधला लॉस कमाल फ्लक्स डेन्सिटीच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात असतो आणि त्याचा गुणांक धातूप्रमाणे बदलतो. तोच तो ईटा. आता मोटर कागदावरच तपासता येऊ लागली. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचाही नव्हता आणि अमेरिकेत येऊन तीन वर्षंही झाली नव्हती.

दुसरं काम त्याहून मोठं. एसी सर्किट सोडवायचं म्हणजे तेव्हा डिफरन्शियल इक्वेशन्सचा ढीग. त्याने उणे एकचं वर्गमूळ म्हणजे आपला जे वापरून ते सगळं साध्या बीजगणितावर आणलं. आज आपण फेझर काढतो, इम्पीडन्स लिहितो, ते त्याच्यामुळे. हा पेपर ऑगस्ट १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत मांडला गेला.

शिकागो म्हटल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. ती वाचून मला धक्का बसला. शिकागो शहरात १८८१ पासून एक नियम होता. आजारी, लुळ्यापांगळ्या किंवा शरीराने बेढब अशा ज्या माणसाकडे बघून लोकांना किळस येईल, त्याने रस्त्यावर स्वतःचं प्रदर्शन करायचं नाही. केलं तर दंड! सॅन फ्रान्सिस्कोत असा नियम १८६७ पासूनच होता. शिकागोचा नियम रद्द झाला १९७४ मध्ये. हो, एकोणीसशे चौऱ्याहत्तर, माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर. आता हे नियम मुख्यतः भिकाऱ्यांना हटवण्यासाठी होते, त्यामुळे परिषदेतल्या इंजिनिअरला पोलीस हात लावणार नव्हते. पण म्हणजे बघा, तेच कुबड. ते फाटक्या कोटाखाली असलं तर गुन्हा, आणि कंपनीच्या पगारावर असलं तर शास्त्रज्ञ.

त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकने आइकेमायरची कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर स्टाइनमेट्झ जीईत आला. १८९४ पासून शेवटपर्यंत तो शेनेक्टडीला राहिला. १९०१ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष, १९०२ मध्ये हार्वर्डची मानद पदवी, त्याच वर्षापासून युनियन कॉलेजात इलेक्ट्रिकलचा विभागप्रमुख, दोनशेच्या आसपास पेटंट्स, जाडजूड पुस्तकं. यादी मोठी आहे, विकिपीडियावर आहे, मी इथे उतरवत नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटली ती त्याच्या घराची गोष्ट.

स्टाइनमेट्झने लग्न केलं नाही. मुली मिळाल्या नसत्या का, हा प्रश्नच त्याने येऊ दिला नाही. आजोबा, वडील आणि आपण, अशा तीन पिढ्या त्याने बघितल्या होत्या. चौथी नको, असं त्याने तरुणपणीच ठरवून टाकलं. कॅसल गार्डनच्या अधिकाऱ्याला त्याने खोटं पाडलं, ब्रेस्लाऊच्या मास्तरांना खोटं पाडलं, पण इथे मात्र त्याने स्वतःवर तोच शिक्का मारून घेतला. आणि त्याच्या आजूबाजूचं जगही तेच बोलत होतं. चांगल्या वंशाची माणसं वाढवा आणि वाईट वंशाची थांबवा, या विचाराने अमेरिका तेव्हा झपाटली होती. १९०७ मध्ये इंडियाना राज्याने तर काही लोकांची सक्तीने नसबंदी करायचा कायदाच केला. एवढा हुशार माणूस या बाबतीत त्यांच्याच बाजूने गेला असं म्हणू का? मला नक्की ठरवता येत नाही. आपलं दुखणं पोराला द्यायचं नाही, यात माया पण आहे. पण ते कुबड घेऊन तो स्वतः जे आयुष्य जगला ते वाईट होतं का? त्याचं उत्तर त्याने हिशेबात धरलं नाही असं मला वाटतं.

घर मात्र त्याला हवं होतं. वेन्डेल अ‍ॅव्हेन्यूवर त्याने मोठं घर बांधलं. घराला जोडून प्रयोगशाळा, काचगृहात ऑर्किड्स आणि निवडुंग. पाळीव प्राणी तर विचारू नका, मगरीची पिल्लंसुद्धा होती. लोकांनी हाकलून द्यावं असे प्राणी त्याला बरोबर सापडायचे. त्याच्या प्रयोगशाळेत जोसेफ हेडन नावाचा तरुण मदतनीस होता, तो तिथेच राहायचा. १९०३ मध्ये हेडनने कॉरिनशी लग्न केलं आणि वेगळं बिऱ्हाड केलं. एवढ्या मोठ्या घरात स्टाइनमेट्झ एकटा पडला. तो रोज त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागला. शेवटी त्याने दोघांना विचारलं की तुम्हीच माझ्याकडे राहायला का येत नाही? कॉरिनने एक अट घातली. घर माझ्या पद्धतीने चालेल, आणि जेवण तयार झालं की दोघांनी असतील ते प्रयोग सोडून टेबलावर यायचं. जीईच्या मोठ्या मोठ्या मॅनेजरांना न जुमानणारा माणूस कॉरिनपुढे निमूट झाला.

पुढे त्याने हेडनला कायदेशीर दत्तक घेतलं. हेडनला ज्यो, मिज आणि बिली अशी तीन मुलं झाली आणि अविवाहित स्टाइनमेट्झ आजोबा झाला. तो मुलांना गोष्टी सांगायचा, प्रयोगशाळेत रंगीत ज्वाळा आणि धूर काढून दाखवायचा. जन्मापासून रोज बघितलेल्या आजोबांची पाठ मुलांना विचित्र कशाला वाटेल?

शहराच्या राजकारणातही तो पडला. १९११ मध्ये शेनेक्टडीत समाजवादी महापौर निवडून आला तेव्हा स्टाइनमेट्झ शिक्षण मंडळावर गेला आणि अध्यक्ष झाला. परदेशातून आलेल्यांच्या मुलांसाठी आणि शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्याने वेगळे वर्ग काढायला लावले. १९२२ मध्ये तो न्यूयॉर्क राज्याच्या स्टेट इंजिनिअरच्या पदासाठी उभा राहिला आणि पडला. हे मला आवडलं. सगळंच जमलं असतं तर खोटं वाटलं असतं.

पेपरवाल्यांना मात्र त्याच्या समाजवादापेक्षा त्याची पाठ जास्त आवडायची. तो प्रसिद्ध झाला तसा तो शेनेक्टडीचा जादूगार झाला. बुटका, कुबडा, सिगारच्या धुरात बसलेला, वीज निर्माण करणारा! कंपनीलाही ही जाहिरात सोयीची होती. म्हणजे पूर्वी त्या शरीराकडे बघून लोक म्हणायचे की याला काही येत नसणार, आणि आता म्हणू लागले की याला जादू येते. गंमत म्हणजे दोन्ही वेळा बघितलं शरीरच. वर्षानुवर्षं स्टुलावर गुडघे टेकून, वाकून गणितं करणारा माणूस कुणाला दिसला नाही.

फोटोचा एक किस्सा तर भारीच आहे. एप्रिल १९२१ मध्ये आइनस्टाइन न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकचं रेडिओ स्टेशन बघायला गेला होता. तिथे बऱ्याच लोकांचा ग्रुप फोटो काढला, त्यात स्टाइनमेट्झही होता. पुढे जीईने बाकी सगळे पुसून टाकले आणि फक्त आइनस्टाइन आणि स्टाइनमेट्झ उभे असलेला फोटो छापला. आजही तो फोटो फिरतो आणि लोकांना वाटतं की हे दोघे खास गप्पा मारायला भेटले होते. फोटोशॉप आपल्या पिढीने शोधलं असं कुणाला वाटत असेल तर कृपया नोंद घ्या.

आणि ती विजेची गोष्ट खरी आहे. मोहॉक नदीच्या बाजूला त्याचं एक लाकडी कॅम्प होतं. उन्हाळ्यात तो तिथे होडीत आडवी फळी टाकून, तिच्यावर कागद पसरून गणितं करत बसायचा. १९२० मध्ये त्या कॅम्पवर वीज पडली आणि आतला आरसा फुटून तुकडे तुकडे झाला. आपण काय केलं असतं? केरसुणी घेतली असती. त्याने एकूण एक तुकडे गोळा केले, जिगसॉसारखे जुळवले, दोन काचांमध्ये दाबून बसवले, आणि वीज आरशावरून कुठून कुठे गेली ते अभ्यासलं. १९२२ मध्ये त्याने प्रयोगशाळेत १,२०,००० व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली. लाईनवर वीज पडली तर इन्सुलेटर टिकेल का, हे आता पावसाची वाट न बघता तपासता येऊ लागलं. त्याच वर्षी एडिसन बघायला आला. फुटलेले चिनी मातीचे तुकडे हातात घेऊन दोघे म्हातारे उभे आहेत, असा फोटो आहे. हा फोटो मी नीट, वेळ घेऊन बघितला.

१९२३ च्या शरद ऋतूत तो सगळ्या हेडन कुटुंबाला घेऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फिरायला गेला. परत आला तो दमून. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. २६ ऑक्टोबरच्या सकाळी बिली आजोबांचा नाश्ता वर घेऊन गेला, तेव्हा ते गेले होते. वय ५८. पैसा त्याने जवळजवळ काहीच मागे ठेवला नव्हता. ते लाकडी कॅम्प पुढे हेन्री फोर्डने विकत घेतलं आणि मिशिगनला आपल्या म्युझियमच्या गावात नेऊन उभं केलं. ते अजून तिथे आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्या मैत्रिणीला वाचायला दिला. तिच्याबद्दल लिहिलंय म्हणून परवानगी हवी होती. तिने सगळा वाचला, लग्नाचा भाग दोनदा वाचला आणि त्याबद्दल काहीच बोलली नाही. हिस्टेरेसिसच्या परिच्छेदात मी आधी फ्लक्स डेन्सिटीच्या जागी नुसतं फ्लक्स लिहिलं होतं, ती चूक तेवढी काढली. दुरुस्त केली आहे.